खिंडाराचे माप : परभणी परिसरातील कुंपणाचा इतिहास

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्यात कुंपणाचा इतिहास हा दगडाचा किंवा लोखंडाचा नव्हे, तर काट्यांचा आणि काटक्यांचा इतिहास आहे. जिंतूरकडचा डोंगराळ भाग सोडला, तर जिल्ह्याचा मोठा पट्टा खोल काळ्या जमिनीचा असून तिथे रचीव भिंतीला पुरेल इतका दगड शेतात सापडत नाही. उलट बोर आणि बाभूळ धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, आपोआप वाढतात आणि कापूस व तूर ही पिके दरवर्षी काटक्यांचे भारे मागे ठेवून जातात. जे हाताशी होते त्यातूनच कुंपण घडले, आणि त्या साहित्याला ठरावीक लांबी-रुंदी नसल्यामुळे कुंपणाच्या तुकड्यालाही ती कधी नव्हती.

ही पद्धत किती जुनी आहे, याची साक्ष भाषा देते. काटेरी कुंपणाला मराठीत ‘वई’ हा शब्द आहे आणि त्याचे मूळ प्राकृतातल्या ‘वइ’ या शब्दात आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत संग्रहात, वईच्या भोकातून बाहेर डोकावणाऱ्या एरंडाच्या पानाचा उल्लेख येतो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, याच गोदावरीच्या वरच्या काठावर होती. कुंपणाच्या कडेने एरंड लावण्याची रीत मराठवाड्यात आजही दिसते, त्यामुळे हा उल्लेख येथील वाचकाला परका वाटत नाही. वईला भोक पडलेले आहे, हे त्या गाथेत कोणाला नवलाचे वाटत नाही, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. भोक पडणे हा कुंपणाचा नित्यधर्म होता, आणि ते बुजवणे हे शेतीच्या कामांपैकीच एक काम होते.

शेताभोवतीच्या अशा काटेरी कुंपणाला ‘कुपाटी’ असेही म्हणतात. तिच्यासाठी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून, त्यांचे बुंधे आत आणि शेंडे बाहेर ठेवून, बेळक्याने म्हणजे दुफाट्या टोकाच्या काठीने एकमेकींत दाबून बसवल्या जातात. घराच्या परसाला आणि शेतातल्या आखाड्याला, म्हणजे गुरे बांधण्याच्या व औते ठेवण्याच्या जागेला, मात्र दाट आडोसा लागतो, म्हणून तिथे ताटी वापरली जाते. काटक्या किंवा बांबूच्या कामट्या बांधून केलेला सपाट पडदा म्हणजे ताटी. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द मराठी घराघरांत पोहोचलेला आहे. अशाच काटक्यांवर शेणमातीचा लेप दिला की त्याला कूड म्हणतात.

ताटी बांधण्याची कृती जवळून पाहिली, तर तिच्यातले शहाणपण ध्यानात येते. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, जमिनीवर एक बुंधा वर, एक बुंधा खाली अशा आलटून पालटून मांडल्या जातात, कारण सगळे बुंधे एकाच बाजूला आले तर ती बाजू जाड होऊन ताटी वाकडी होते. मग त्यांच्यावर व खाली आडव्या कामट्या धरून अंबाडीच्या दोरीने गाठी आवळल्या जातात. खिंडार किती आहे हे एखाद्या दोरीने किंवा हाताने मोजून, ताटी त्याहून वीतभर जास्त रुंद बांधतात आणि जादा भाग दोन्ही मेढींच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या, पुढे येऊ देऊन तिथेच जखडतात. या वीतभर जादा भागात सगळी युक्ती आहे. मेढी सरळ रेषेत नसल्या, एक कललेली असली, खालचे अंतर वरच्यापेक्षा कमी भरले, तरी ती तफावत या जादा भागात जिरून जाते, आणि मोडलेली ताटी बदलताना शेजारच्या ताटीला हात लावावा लागत नाही.

या कामाचे वेळापत्रक पिकांनी ठरवलेले होते. तूर पौष-माघात निघे, पऱ्हाट्या म्हणजे कापसाची झाडे वेचणी संपल्यावर उपटली जात, आणि उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, कुंपणाची डागडुजी होई. जुन्या काटक्या चुलीत जात, नव्या त्यांच्या जागी येत. वर्षाला झिजणारे कुंपण वर्षाला नवे होत असल्याने ते टिकाऊ असावे, अशी अपेक्षाच कोणी धरली नव्हती. आज त्याला कच्चे कुंपण म्हणून हिणवले जाते. परंतु दुरुस्ती हाच ज्याच्या रचनेचा पाया आहे, त्याला कच्चे म्हणणे हा अन्याय आहे.

याच्या अगदी उलट तत्त्वावर कारखान्यातले कुंपण उभे आहे. अमेरिकेत जोसेफ ग्लिडन याला 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले, आणि पुढच्या काळात तयार मापाचे कुंपण जगभर पसरले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या परभणीत 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आला आणि बाहेरचा माल येण्याची वाट मोकळी झाली. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला जाणारा हात व्यवहारातून मागे पडला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी आणले, ऊस आला, आणि बारमाही उभ्या पिकाला रोही, म्हणजे नीलगाय, व रानडुकरांपासून बारमाही राखण लागू लागली. त्यानंतर सिमेंटचे खांब, चार-पाच-सहा फूट उंचीची जाळी आणि शहरालगतच्या प्लॉटांना खाचांच्या खांबांत सरकवण्याच्या सिमेंटच्या फळ्या हेच पक्के कुंपण मानले जाऊ लागले.

अडचण अशी की, या कुंपणाखालची जमीन पक्की नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यात उथळ रोवलेले खांब कलतात आणि दोन खांबांमधले अंतर वर एक, खाली दुसरे असे होते. फुटलेल्या फळीच्या जागी नवी आणावी, तर ती दोन बोटे लांब किंवा आखूड भरते; दुसऱ्या कारखान्याची आणली, तर जाडी खाचेत बसत नाही. मग गवंडी कटरने फळी कापतो, किंवा लाकडी फर्मा करून त्या खिंडारापुरती फळी जागेवरच ओततो, किंवा फट विटांनी भरून घेतो. यांपैकी फर्म्याचा मार्ग सर्वांत चांगला आहे, कारण त्यात माप दुकानाऐवजी खिंडारावरून घेतले जाते. ताटी बांधणाऱ्याची रीतही हीच होती.

सोयाबीनचे क्षेत्र वाढले आणि त्याच्या भुसकटाचे कुंपण होत नाही, तरीही आंतरपीक म्हणून तूर टिकून असल्यामुळे तुराट्या अजून मिळतात. जिथे जाळी संपते आणि बांध वळतो, तिथल्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात आखाड्यांवर आजही तुराट्यांची ताटी बांधली जाते.