म्हैसूरच्या गुरुजनांचे ऋण

आपल्या चामराजपुरमपासून पायी जाण्याच्या अंतरावर महाराजा कॉलेजची वास्तू उभी आहे. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर या वास्तूत जी गुरुपरंपरा नांदली, तिचे स्मरण येथील मराठी कुटुंबांनीही कृतज्ञतेने करावे अशी तिची थोरवी आहे.

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सर्वपल्ली राधाकृष्णन १९२१ मध्ये कलकत्त्यास जावयास निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची गाडी स्वतः ओढीत स्टेशनवर नेली, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. परंतु परमुलखात राहणाऱ्या आपणांस त्याच कॉलेजातील दुसरी एक कथा अधिक जवळची वाटेल.

बी. एम. श्रीकंठय्या हे येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजी काव्याची गोडी विद्यार्थ्यांस लावीत असतानाच त्यांनी त्यातील निवडक कविता कन्नडमध्ये आणल्या. 'इंग्लिश गीतेगळु' या त्यांच्या संग्रहाने कन्नड नवकवितेला वाट करून दिली. परभाषेचा अध्यापकच मातृभाषेचा कैवारी झाला! मराठी वाचकास येथे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. इंग्रजी विद्येत मुरलेल्या या शिक्षकाने १८७४ मध्ये मराठीत 'निबंधमाला' आरंभिली आणि पुढे सरकारी नोकरी सोडून १८८० साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले.

कुवेंपु यांचेही प्रारंभीचे काव्यलेखन इंग्रजीत झाले. १९२४ च्या सुमारास आयरिश कवी जेम्स कझिन्स यांनी त्यांस मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. पुढे महाराजा कॉलेजात टी. एस. वेंकण्णय्या यांच्यासारखे कन्नडचे गुरू त्यांस लाभले. वेंकण्णय्यांनी स्वतःच्या ग्रंथसंपदेपेक्षा विद्यार्थी घडविण्यात धन्यता मानली. १९३९ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध होऊ लागलेले 'श्रीरामायणदर्शनम्' हे महाकाव्य कुवेंपूंनी त्यांनाच अर्पण केले. या काव्यास १९६७ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. याहून थोर गुरुदक्षिणा ती कोणती?

आपली मुले शाळेत इंग्रजी व कन्नड शिकतात, आणि ते योग्यच आहे. मात्र घरात बोलण्यापुरती उरलेली मराठी पुढच्या पिढीत तेवढीही उरेल की नाही, ही चिंता प्रत्येक घरात आहे. एका भाषेचे खरे प्रेम दुसरीच्या आड येत नाही, हे या गुरुजनांनी स्वतःच्या आचरणाने दाखवून दिले. मराठीसाठी शाळेत असा गुरू मिळणे येथे दुर्लभ. म्हणून ते आसन घरातील वडीलधाऱ्यांनी आणि आपल्या मंडळानेच सांभाळावयास हवे. पुस्तक मुलाच्या हाती देऊन थांबू नये. त्याच्या शेजारी बसून ते वाचावे. गोडी लागते ती अशाच सहवासातून.