पश्चिमेची खिडकी: नाशिकचा वाडा ते फ्लॅट

मे महिन्यातल्या संध्याकाळी तुम्ही एवढ्या संख्येनं आलात. त्यातले निम्मे व्याख्यानासाठी आणि निम्मे पश्चिमेच्या बेडरूममध्ये बसवत नाही म्हणून, असा माझा अंदाज आहे. (हशा)

आधी सूर्याचा हिशोब करू. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे 20 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून साधारण 23 जुलैपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतं ते डिसेंबरात, आणि तेव्हा ते हवंच असतं. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगावी! आपलं खरं भांडण आहे ते पश्चिमेशी.

जुन्या नाशकात हे भांडण फारसं नव्हतं. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आजही उभा आहे. त्याच्या आसपासच्या बोळांतून एकदा दुपारी चार वाजता चालून बघा. वाडे एकमेकांना खेटून. बाजूची भिंत शेजाऱ्याला लागून, म्हणजे तिथे खिडकीचा प्रश्नच नाही. उजेड-वारा चौकातून. रस्त्याकडच्या खिडक्या लहान, गजांच्या, झडपा लाकडाच्या, आणि बोळ इतका अरुंद की समोरच्याच वाड्याची सावली आपल्या भिंतीवर. थंडावा होता, खरं आहे. पण माजघरात दिवसाही अंधार असायचा आणि घरातल्या बायकांचा सगळा दिवस त्या अंधारात, चुलीच्या धुरात जायचा. वाड्याचं कौतुक करताना हे आपण सोयीनं विसरतो.

मग आला बंगला. देवळालीला 1861च्या सुमारास इंग्रजांची छावणी बसली. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर तिथे महिनोन्महिने पडून असायचे. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात ना, तो शब्द आपल्या देवळालीचाच! तर बंगला मोकळ्यावर उभा, चारही बाजूंनी उघडा. म्हणून त्याला भोवती व्हरांडा, व्हरांड्याला चिकाचे पडदे, उन्हाळ्यात पाणी मारलेले वाळ्याचे पडदे. ऊन खिडकीपर्यंत पोचायच्या आत अडवायचं, हे त्यामागचं तत्त्व.

आता आपला फ्लॅट घ्या. सोसायटीची इमारत चारही बाजूंनी जागा सोडून बांधतात, म्हणजे ती बंगल्यासारखीच उघडी. फक्त व्हरांडा गेला. बाल्कनी होती, तीही आपण काच लावून खोलीत घेतली. साधी काच सूर्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते. त्या उन्हानं फरशी, गादी तापते, पण त्यांच्यातून निघणारी उष्णता काचेतून तशी परत जात नाही. आपण आतून जाड पडदा लावतो. पण बरं का, तोवर ऊन घरात आलेलं असतं. तापलेला पडदा खोलीच तापवतो.

"छज्जा आहे की!" असं बिल्डर सांगतो. हिशोब करा. 20 मेला संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजाच्या वर साधारण 27 अंश असतो. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर सावली पडते जेमतेम एक फूट. चार फुटांच्या खिडकीचे तीन फूट उन्हातच. दक्षिणेचं ऊन वरून येतं, तिथे छज्जा चालतो. पश्चिमेला समोरून आडवा पडदा लागतो, किंवा उभ्या झडपा, किंवा झाड.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं 2018 साली 'इको-निवास संहिता' काढली. भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला तिनं दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घातली. पण ती नव्या इमारतींसाठी. उभ्या इमारतींचं काय?

मी आमच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा टांगला. पंखा आता एक नंबर कमी चालतो. सोसायटीची नोटीस आली, इमारतीचा चेहरा बिघडतो म्हणून. सेक्रेटरींना मी साडेचारला चहाला बोलावलं. ते तासभर बसले, आणि जाताना पडदा कुठून आणला ते विचारून गेले. नोटीस मात्र अजून मागे घेतलेली नाही. विषय पुढच्या सभेत आहे.

बरं, प्रश्न घेऊया. मागे तुमचा हात वर आहे, काका, बोला.