जालना आणि आसफजाही

हैदराबाद संस्थानाचा पाया हैदराबाद शहरात घातला गेला नाही. तो घातला गेला जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या साखरखेर्ड्याच्या रणात. दिल्लीच्या वजिरीला कंटाळून दख्खनेत परतलेला निजाम-उल-मुल्क आणि बादशहाच्या छुप्या फूस-पाठिंब्याने त्याच्यावर चालून आलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला. बाजीराव पेशवा या मोहिमेत निजामाच्या बाजूने होता, हे पुढचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला आश्चर्याचे वाटेल. विजयानंतर निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. दिल्लीचा बादशहा महंमदशहा याने झाले ते मुकाट्याने मान्य करून निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला, आणि दख्खनचे सहा सुभे नावापुरते मोगलांचे व प्रत्यक्षात या घराण्याचे झाले.

जालना तेव्हाही नवे गाव नव्हते. कुंडलिका नदीकाठची ही व्यापारी पेठ अहमदनगरच्या निजामशाहीत नावारूपाला आली होती. ही निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निजाम वेगळा. बोलण्यात दोन्हींची गल्लत नेहमी होते, म्हणून येथे सांगितलेले बरे. त्या काळचा अधिकारी जमशेदखान याने काळी मशीद आणि सराई बांधली, मोती तलाव खोदला आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. अकबराच्या काळात जालना जहागिरीत गेले आणि अबुल फजलचा काही काळ येथे मुक्काम होता, असे सांगितले जाते. पेठ श्रीमंत असल्याची सर्वांत मोठी साक्ष मात्र १६७९ च्या नोव्हेंबरातली आहे. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली आणि चार दिवस पेठ लुटली. गावातल्या धनिकांनी शहराबाहेर सय्यद जान महंमद या अवलियाच्या तकियात आसरा घेतला होता. मराठी फौजेने तोही सोडला नाही. परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेने महाराजांना गाठले आणि पट्टा किल्ल्याच्या आश्रयाने ते निसटले. महाराजांची ही शेवटची मोठी स्वारी.

साखरखेर्ड्यानंतर वर्षभरात, १७२५ मध्ये, आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने जालन्याला किल्ला बांधला. त्याचा बालेकिल्ला म्हणजे आजचे मस्तगड. फारसी शिलालेखावर बांधकामाचा काळ कोरलेला आहे, आणि आत एक मोठी विहीर आहे. या विहिरीच्या पोटात सज्जे आणि खोल्या काढलेल्या आहेत, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याच्या गारव्यालाच माणसांनी बसावे अशी सोय. किल्ला म्हणून मस्तगडाने फार मोठे पराक्रम पाहिले नाहीत. पण नव्या सत्तेने आपली पहिली गुंतवणूक कोठे केली हे त्यावरून कळते. आसफजाहाची राजधानी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) होती, आणि तेथल्यापेक्षा जालन्याची हवा त्याला मानवत असल्याने तो येथे येऊन राहत असे. हैदराबाद ही राजधानी झाली ती पुढे, निजाम अलीच्या काळात.

मित्र झालेला बाजीराव तीन वर्षांत शत्रू झाला. चौथ-सरदेशमुखीच्या वादातून १७२७ च्या पावसाळ्यानंतर तो निजामाच्या मुलखात शिरला तेव्हा पहिला फटका जालना आणि सिंदखेड परगण्यांना बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जालन्याच्या आसपास निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी त्याची चकमक उडाली. बाजीराव तेथे अडून राहिला नाही. खानदेश, गुजरात अशी दौड मारून त्याने निजामाला मागे ओढले आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला कोंडले. मार्चमधल्या मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाने चौथाई मान्य केली. पालखेडची लढाई पाठ्यपुस्तकात आहे. तिची किंमत मोजलेल्या जालना परगण्याचे नाव सहसा कोठे येत नाही.

या भागाची पुढची पाऊणशे वर्षे अशीच गेली. निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई एकाच गावात नांदत होती, आणि शेतकऱ्याला दोन्हीकडचे कमाविसदार ओळखावे लागत होते. १७५७ अखेर सिंदखेडला निजामी फौजेचा मराठ्यांशी सामना झाला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजाम हरला आणि साठ लाखांचा मुलूख देऊन मोकळा झाला. त्या विजयानंतर मराठ्यांच्या फौजा परतूरला, म्हणजे कागदपत्रांतल्या पडदूरला, एकत्र आल्या. उत्तरेतून दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूची बातमी आली होती. नानासाहेब पेशव्यांनी उत्तरेची मोहीम सदाशिवरावभाऊंवर सोपवली ती येथे, आणि मार्चच्या मध्यावर भाऊ व विश्वासराव परतूरहून निघाले. पानिपतचा रस्ता आजच्या जालना जिल्ह्यातून सुरू झाला, असे म्हणायला काही हरकत नाही.

मुलखाची वाटणी किती गुंतागुंतीची होती ते अंबडवरून दिसते. चारही बाजूंना निजामाचा प्रदेश असताना अंबड होळकरांकडे होते. मत्स्योदरी देवीच्या या गावातल्या बारवा त्या राजवटीची आठवण देतात. खुद्द जालन्याचा किल्ला आणि परगणा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंद्यांकडे होता. म्हणजे आसफजाहाने बांधलेला किल्ला त्याच्या वारसांच्या हाती नव्हता. तो परत मिळवायला जी फौज आली तीही त्यांची नव्हती.

१८०३ मध्ये इंग्रज आणि शिंदे-भोसले यांचे युद्ध जुंपले. निजामाच्या मुलखात तैनाती फौज घेऊन वावरणाऱ्या कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि आर्थर वेलस्लीची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला असलेल्या मराठी तळावर एकत्र हल्ला करावा, असे ठरले. पण २३ ला वेलस्लीला कळले की तळ समजला होता त्याहून फार जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे गेला. समोर केळणा नदी होती, आणि वाटाड्यांचे म्हणणे असे की जवळपास उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्यांतले एक पिंपळगाव. इतक्या जवळच्या दोन गावांत जा-ये असणार आणि जा-ये असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने बांधला. तो खरा निघाला. नदी ओलांडून त्याची फौज केळणा आणि जुई यांच्या दुआबात, आसई गावासमोर उभी राहिली.

मराठी कवायती पलटणी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली होत्या. त्यांनी वेलस्लीला अपेक्षा नव्हती इतक्या सफाईने तोंड फिरवून नवी फळी धरली, आणि तोफांनी इंग्रजांची उजवी बाजू जवळजवळ कापून काढली. वेलस्लीच्या मांडीखालची दोन घोडी पडली. तोफखाना शेवटपर्यंत लढला, पण दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचे घोडदळ मैदान सोडून गेले होते. सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक होते. पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या सेनानीने आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचेच नाव घेतले, असे सांगतात. आसईचा हा लौकिक इंग्लंडात जेवढा आहे तेवढा मराठवाड्यात नाही, आणि ते समजण्यासारखे आहे.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला. त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा आणि गांडापूर यांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. हा मुलूख इंग्रजांनी निजामाला दिला. अंबडचेही तसेच झाले: १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी अंबड व वेरूळचे परगणे इंग्रजांना तोडून दिले आणि पुढच्या अदलाबदलीत ते निजामाकडे आले. जालना जिल्ह्याचा जो भाग सव्वाशे-दीडशे वर्षे सलग निजामी म्हणून ओळखला गेला, तो या दोन इंग्रजी तहांतून निजामाच्या पदरात पडला. येथली आसफजाही सत्ता १७२५ मध्ये स्वतःच्या तलवारीवर उभी होती. १८०३ नंतर ती दुसऱ्याच्या तलवारीवर उभी राहिली.

ती तलवार गावाच्या वेशीशीच होती. तैनाती फौजेचा मोठा तळ जालन्याला पडला. १८१७ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या भोसल्यांशी सीताबर्डीला लढाई झाली तेव्हा इंग्रजांच्या मदतीला धावलेला ब्रिगेडियर डोव्हटन आपली पलटण घेऊन जालन्याहूनच गेला. १८२७ मध्ये शहराच्या पूर्वेला कायमची छावणी बांधली गेली. पलटणी मद्रासी असत, मालक कलकत्त्याचे आणि खर्च शेवटी हैदराबादचा. छावणीमुळे बाजाराला गिऱ्हाईक मिळाले आणि फळबागांना मागणी आली. १९०३ मध्ये छावणी उठली.

छावणीच्या काळातली एक वेगळी घटना नारायण शेषाद्री यांची. हे देशस्थ ब्राह्मण १८४३ मध्ये मुंबईला ख्रिस्ती झाले होते. १८६० च्या दशकात त्यांनी स्कॉटिश मिशनचे काम जालन्यात सुरू केले, आणि दिवाण सालारजंगाने दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. तेथे आलेले बहुतेक लोक मांग-महार समाजांतले होते. मुसलमान दिवाणाने ख्रिस्ती झालेल्या मराठी ब्राह्मणाला दलितांच्या वसाहतीसाठी जमीन द्यावी, हा प्रसंग संस्थानी राजवटीच्या ठोकळेबाज चित्रात बसत नाही.

सालारजंगाचे खरे काम कारभाराच्या घडीचे. १८६० च्या दशकातल्या जिल्हाबंदीने महसूल मक्त्याने देण्याची जुनी पद्धत मोडली आणि अव्वल तालुकदार, तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड आली. जालना, अंबड, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात राहिले, परतूर परभणीत. १८८४ मध्ये कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. पाटील-पटवाऱ्याच्या खालच्या दप्तराखेरीज मराठीला सरकारी जागा उरली नाही, आणि मराठी मुलाला शिकायचे तर उर्दूतून, अशी अवस्था पुढे रूढ झाली. १९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज आगगाडी जालन्यावरून धावू लागली. कापसाचा व्यापार वाढला, सरक्या काढणाऱ्या जिनिंग निघाल्या, आणि ‘जालना सोने का पालना’ या म्हणीला आधार मिळाला.

२९ ऑगस्ट १९११ रोजी मीर उस्मान अली खान हा सातवा निजाम गादीवर आला. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस आणि तितकाच कंजूष, अशी त्याची ख्याती. दोन्हींत अतिशयोक्ती आहे, तथ्यही आहे. १९१८ मध्ये त्याने उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ काढले, धरणे आणि रुग्णालये उभारली. संस्थानाला स्वतःचे नाणे, स्वतःची टपालव्यवस्था आणि रेल्वे होती. नव्हते ते प्रातिनिधिक राज्य. सभा भरवायची तर आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने बोलायचीही चोरी झाली होती.

या बंदिस्त वातावरणात १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. मागण्या शिक्षण, भाषा, नागरी हक्क अशा सौम्यच होत्या, पण संस्थानातल्या मराठी मुलखाने एकत्र येऊन राजकीय बोलणे सुरू केले ते येथे. पुढल्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तिच्यावर लगेच बंदी आली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ हे या लढ्याचे नेते ठरले.

१९४७ मध्ये इंग्रज गेले आणि ज्या तलवारीवर संस्थान उभे होते ती काढून घेतली गेली. उस्मान अली खानाने विलीनीकरण टाळून २९ नोव्हेंबरला भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला. दरम्यान कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकार संघटनेचा जोर वाढला. जालन्याचा पूर्व भाग वऱ्हाडाला लागून असल्याने अनेक कुटुंबे सीमा ओलांडून गेली, आणि सीमेपलीकडच्या छावण्यांतून कार्यकर्ते करोडगिरी नाके व पोलीस ठाण्यांवर हल्ले करू लागले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. औरंगाबाद फारसा प्रतिकार न होता हाती आले. जालन्यापाशी मात्र शीख आणि जोधपूर पलटणींना व त्यांच्या रणगाड्यांना कडवा विरोध झाला. जालना घेऊन तेथे गोरख्यांची एक तुकडी ठेवून सैन्य लातूरकडे वळले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला, हाही या इतिहासाचा भाग आहे. पंडित सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली.

उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य भाषांनुसार तिघांत वाटले गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्रात. निजामाचे निधन २४ फेब्रुवारी १९६७ रोजी हैदराबादेत झाले. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे औरंगाबादचे तालुके आणि परभणीतला परतूर तालुका मिळून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि सालारजंगाच्या जिल्हाबंदीने वेगळी केलेली जालना व परतूर पुन्हा एका कारभाराखाली आली.