'आय'च्या शेजारी 'वेअर' कसा आला?

माझं काम कोड लिहायचं, त्यामुळे 'इफ' हा शब्द रोज हाताखालून जातो. कॉम्प्युटरचा इफ सरळ असतो. अट खरी किंवा खोटी, मधलं काही नाही. माणसाच्या इफमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते. बोलणाऱ्याला स्वतःला ती अट कितपत खरी वाटते? आज त्याचाच इतिहास बघू.

'इफ आय वेअर यू' हे वाक्य घ्या. शाळेत शिकलो की 'आय'ला 'वॉज' आणि 'वी'ला 'वेअर'. मग इथे 'वेअर' कसा? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, अपवाद आहे, पाठ करा.

पण हा 'वेअर' अनेकवचनी नाहीच! हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'इफ'चा उच्चार साधारण 'यिफ' असा होता. तेव्हा घडलेली गोष्ट सांगायला 'मी होतो' यासाठी 'वॅस' म्हणत आणि नुसती कल्पना असेल तर 'वॅरे'. अनेकवचनाचं रूप वेगळं होतं, 'वॅरॉन'. पुढच्या काही शतकांत शब्दांचे शेवट झिजले. 'वॅरे' आणि 'वॅरॉन' दोन्ही झिजून 'वेअर' झाले. म्हणजे आपण ज्याला अपवाद म्हणतो, तो एका जुन्या नियमाचा उरलेला तुकडा आहे.

बाकीच्या बहुतेक क्रियापदांत हा फरक पुसला गेला. 'इफ आय हॅड मनी' मधला 'हॅड' दिसतो भूतकाळी, पण गोष्ट आत्ताची आहे. माझ्याकडे पैसे नाहीत, एवढंच तो सांगतो.

पुढे लोक 'इफ आय वॉज' असंही सर्रास म्हणायला लागले. पण १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथचं आणि १७९५ मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं. मरे मूळचा अमेरिकेतला वकील. यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने पुस्तक लिहिलं आणि ते पिढ्यानपिढ्या शाळांत चाललं. अशा पुस्तकांनी कल्पनेच्या रूपाला वेगळं नाव आणि वेगळा तक्ता दिला. आजही बोलताना 'वॉज' चालतो, पण औपचारिक लिखाणात 'वेअर'च बरा.

आता आपल्याकडे या. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. मराठी व्याकरणात या जर-तरच्या रूपाला नाव आहे, संकेतार्थ. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर ते पाठच असेल! आणि मजा बघा, 'पाऊस पडला तर मॅच रद्द होईल' असं आपण म्हणतो. पाऊस अजून पडायचाय, तरी 'पडला'. म्हणजे भूतकाळाचं रूप दरवेळी भूतकाळच सांगतं असं नाही, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

गडबड होते ती दुसरीकडे. 'तो आला असता तर काम झालं असतं.' मराठीत दोन्हीकडे 'असता-असतं' येतं, म्हणून आपल्या तोंडून 'इफ ही वुड हॅव कम' निघतं. प्रमाण इंग्रजीत इफच्या बाजूला 'हॅड' आणि दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव': 'इफ ही हॅड कम, द वर्क वुड हॅव बीन डन'. तसंच पावसाच्या वाक्यात 'इफ इट रेन्स' म्हणायचं, 'इफ इट विल रेन' नाही.

ही चूक डोकं कमी असल्यामुळे होत नाही. एका भाषेची सवय दुसरीत शिरते, एवढंच. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी हुशार पोरं इंटरव्ह्यूत अशा एका वाक्यापाशी अडकतात आणि मग गप्पच बसतात. त्यांनी 'असतो तर' हे रूप लहानपणापासून अचूक वापरलंय. फक्त ते इंग्रजीत कुठे बसतं, हे कुणी दाखवलेलं नसतं.

तर आज एक काम करा. 'असतं तर'ची पाच मराठी वाक्यं लिहा, इंग्रजीत आणा आणि मोठ्याने म्हणा. भेटू पुढच्या भागात!