ईसीयूची वायरिंग आणि तिची नोंद : प्रस्तावना

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ उत्सर्जन निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसा झाला. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे आता ईसीयू (इंजिन कंट्रोल युनिट) ठरवतो. या विषयाकडे वळणाऱ्यांना आधी सॉफ्टवेअरची भुरळ पडते. माझा आग्रह मात्र तारांपासून सुरुवात करण्याचा आहे. ईसीयूला इंजिनाची जी काही खबर लागते, ती पिनांवरच्या व्होल्टेजमधूनच.

यातला सर्वांत खोल भाग अर्थिंगचा. इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचा प्रवाह ज्या तारेने परततो, तिला थोडा तरी रोध असतोच. १० अँपिअर प्रवाह आणि ०.०१ ओहम रोध, एवढ्यानेही ०.१ व्होल्टचा फरक पडतो. सेन्सरचे अर्थिंग त्याच तारेवर टाकले, तर ५ व्होल्टच्या मोजमापात दोन टक्क्यांची चूक शिरते. शिवाय ती प्रत्येक ठिणगीबरोबर हलत राहते, म्हणून शोधायला फार अवघड. यासाठी सेन्सरचे अर्थिंग थेट ईसीयूच्या त्या कामासाठी राखलेल्या पिनवर आणायचे. इंजिन ब्लॉकवर सोयीचा बोल्ट दिसला, तरी मोह टाळायचा.

आता नोंदीविषयी. पिनांचा तक्ता कनेक्टरच्या तोंडाकडून पाहून काढला की तारांच्या बाजूने, हे लिहिले नसेल, तर डावे-उजवे उलटते आणि ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट जाऊ शकतात. रिलेवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे आपल्याकडचा प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियन ओळखतो. ते जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले. एका देशातली शिस्तशीर नोंद परक्या मुलखातल्या कारागिराच्याही कामी येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तक्त्यात तारेचा रंग, जाडी, फ्यूज असतातच. त्यांच्या शेजारी कारणाचा रकानाही हवा. क्रँक सेन्सरच्या तारेवरची जाळी एकाच टोकाला का जोडली, हे लिहिलेले नसेल, तर पुढचा माणूस दुसरे टोकही बॉडीला जोडून मोकळा होतो.

अभ्यासासाठी ओहमचा नियम, मल्टिमीटर आणि चिकाटी पुरेल. ईसीयू आणि इतर उपकरणे एकमेकांशी ज्या दोन तारांवरून बोलतात, त्या कॅन बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असतात. बॅटरी सोडवून बसच्या दोन तारांमध्ये मोजा, ६० ओहमच्या आसपास वाचन यायला हवे. १२० आले, तर एक रोधक किंवा वाटेतली तार तुटली आहे. पहिला धडा तिथूनच घ्यावा.