मुलांसह ट्रेलरमधला पहिला मुक्काम

अमेरिकेत मेमोरियल डेची सुटी आली, की महामार्गांवर मोटारींच्या मागे जोडलेली चाकांवरची घरे दिसू लागतात. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत हा हंगाम चालतो. 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घराला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप ट्रक किंवा दणकट एसयूव्हीच्या मागे जोडून ते ओढावे लागते. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर तिथेच सोडून मोटारीने भटकता येते. लहान मुले असलेल्या कुटुंबांना त्याची ओढ वाटते ती यासाठी, आणि दुपारच्या झोपेला मुलाचे स्वतःचे अंथरूण हाताशी असते यासाठीही.

मात्र चालत्या ट्रेलरमध्ये मुलांना झोपवता येत नाही. या ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नसतात आणि अनेक राज्यांत धावत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास कायद्याने मनाई आहे. मुलांची जागा पुढच्या मोटारीत, त्यांच्या कारसीटवरच.

वजनाचा हिशेब हा दुसरा मुद्दा. विक्रेता सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. त्यात पाणी, गॅस, सायकली आणि डायपरचे गठ्ठे धरलेले नसतात. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली, की एकट्या पाण्याचेच वजन सुमारे १५० किलो होते. म्हणून टाकी मुक्कामी पोहोचून भरणे बरे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडणीवर यावा लागतो. जड सामान मागे ठेवले, तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि हे हेलकावे मोटारही उलटवू शकतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे.

एवढे करूनही खरी कसोटी लागते ती मुक्कामी पोहोचल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. चार तास कारसीटमध्ये जखडलेली मुले सुटल्याबरोबर धावत सुटतात. नेमके त्याच वेळी आई-वडिलांचे लक्ष आरशात आणि जोडणीत गुंतलेले असते. मागे घेताना ट्रेलरच्या मागचा भाग चालकाला दिसतच नाही. त्यामुळे एकाने ट्रेलर लावायचा आणि दुसऱ्याने फक्त मुले सांभाळायची, अशी वाटणी आधीच ठरलेली बरी. मदतीला तिसरे मोठे माणूस नसेल, तर ट्रेलर जागेवर येईपर्यंत मुलांना कारसीटमध्येच ठेवावे. रडारड झाली तरी चालेल. मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाशी हात धरावा. हात ज्या बाजूला न्याल, त्याच बाजूला ट्रेलरचे शेपूट वळते. मग ट्रेलर आडव्या दिशेने समतल करून चाकांना पाचर लावावी आणि त्यानंतरच मोटार सोडवावी. हा क्रम चुकला, तर उतारावर अख्खे घर घरंगळू शकते.

आत गेल्यावर बंक बेडच्या कठड्याची उंची पाहावी. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीची सूचना देणारी यंत्रे चालू आहेत ना, हे पहिल्याच रात्री तपासावे. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवणे जिवावर बेतू शकते. मराठी गृहिणीला मात्र धुराच्या यंत्राचाच अधिक जाच होतो. छोट्याशा जागेत फोडणी दिली, की ते बोंब ठोकते. खिडकी उघडून पंखा लावावा, नाहीतर फोडणीच्या भाज्या घरूनच करून न्याव्यात. अनेक ट्रेलरमध्ये गरम पाण्याची टाकी अवघी सहा गॅलनची असते, त्यामुळे दोन मुलांच्या आंघोळी झाल्या, की बापाच्या वाट्याला गार पाणी येते. निघताना मैल्याची टाकी आधी आणि सांडपाण्याची नंतर रिकामी करावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हे काम हातमोजे घालून आणि मुलांना दूर ठेवूनच करावे.

पहिल्याच खेपेला योसेमिटी गाठण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला वीज, पाणी वा मलनिस्सारणाची जोडणी मिळत नाही. यलोस्टोनमध्ये अशी जोडणी फक्त फिशिंग ब्रिज येथे आहे. अस्वलांच्या वावरामुळे तिथे कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत. त्यापेक्षा घरापासून तास-दीड तासावरचे, सर्व जोडण्या असलेले ठिकाण निवडून दोन रात्री राहावे. महापालिकेचे आणि वसाहतीचे नियम आड येत नसतील, तर त्याहीआधी एक रात्र घरासमोरच ट्रेलरमध्ये काढावी. मध्यरात्री बाळाचे आवडते पांघरूण आत राहिल्याचे लक्षात आले, तर ते आणायला तेव्हा दहाच पावले जावे लागते.