करंज : खाडीकाठचा आणि पैनगंगेकाठचा

किनवटच्या मुलांना 'खारफुटी' हा शब्द पुस्तकातूनच भेटतो. तरीही खारफुटीच्या शेजारी वाढणारे एक झाड त्यांच्या ओळखीचे आहे. ते म्हणजे करंज. कोकणात खाडीच्या काठी, तिवर-कांदळाच्या मागे करंज उभा असतो आणि इकडे ओढ्याकाठी, पैनगंगेकाठीही. खारी जमीन आणि पाण्याची टंचाई तो दोन्ही सोसतो. त्याच्या टणक शेंगा पाण्यावर तरंगत दूरवर जातात.

खरूज, नायटा यांवर करंजेल लावण्याची रीत जुनी आहे. चरकसंहितेने खाज शमवणाऱ्या दहा औषधींत 'नक्तमाल' म्हणजे करंज सांगितला आहे. हे ज्ञान युरोपात कसे पोचले? कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. तो ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापला गेला. त्यात करंज 'पोंगम' या मलबारी नावाने आला. पुढे 1763 मध्ये ॲडान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावरूनच 'पोंगामिया' हे प्रजातीनाम दिले.

या ग्रंथामागे इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्या तिघांचे 1675 चे कोकणी प्रशस्तिपत्र नागरी लिपीत ग्रंथातच छापलेले आहे. माहिती देणाऱ्यांची नावे छापण्याचा हा प्रामाणिकपणा त्या काळी दुर्मीळ होता.

विसाव्या शतकात या कथेचा पुढचा टप्पा पुण्यात घडला. रसायनशास्त्रज्ञ द. बा. लिमये यांनी 1925 च्या सुमारास करंजाच्या तेलातून 'करंजिन' हा स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. त्यामुळे 'तेल गुणकारी आहे' एवढ्यावर न थांबता त्यातला कोणता घटक काय करतो, हे तपासण्याची वाट मोकळी झाली. करंजाच्या अर्काने काही जीवाणू व बुरशी रोखल्या जातात, असे प्रयोगशाळांत पुढे दिसले. मात्र बशीतला प्रयोग आणि माणसावरचा उपचार यांत मोठे अंतर असते. शिवाय बिया पोटात घेण्याजोग्या नाहीत.

आपल्या भागातील जाणती माणसे करंजाला काय म्हणतात, तो कशासाठी वापरतात, हे विद्यार्थ्यांनी विचारून वहीत लिहावे. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नावही लिहावे. व्हॅन ऱ्हीडच्या ग्रंथातली ही रीत आपण आजही पाळू शकतो.